तांदळावरची सुपारी

ज्या पुराव्याकडे लक्ष द्यायचं नाही असं आम्हा पंचांचं एकमताने ठरलं होतं, तो पुरावा मी खाल्ला.

अगदी व्यवस्थित खाल्ला. अडकित्त्याने बारीक कातरून, चावून, वर घोटभर पाणी पिऊन. कोर्टात असं काही केलं असतं तर मला बेड्याच घातल्या असत्या. आमच्या झाशीत मात्र गजाननअण्णा बर्व्यांनी फक्त चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हलणाऱ्या जबड्याकडे बराच वेळ पाहिलं. अण्णांचं ते पाहणं ज्यांनी सोसलं आहे, त्यांना बेड्या बऱ्या वाटतील.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना न पाहिलेल्या माणसाला ते कसे होते हे सांगायचं, तर सुरुवात सुपारीपासूनच करावी लागते. आमची पहिली भेटही तिच्यावरूनच झाली. मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस नुकताच झालो होतो, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं. गणेशोत्सवाच्या सभेत उभा राहून मी रुबाबात म्हणालो, "गेल्या वर्षी नाटकाचा पडदा भर प्रवेशात कसा पडला, कोणामुळे पडला, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते सोडा." मागच्या रांगेतून एक उंच, काळी टोपी घातलेले, रेल्वेचा जुना कोट चढवलेले गृहस्थ उठले, चालत पुढे आले आणि खिशातून एक अख्खी सुपारी काढून त्यांनी माझ्यापुढच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्ही आत्ता जे सोडलंत ते," ते म्हणाले. "असं जमिनीवर सोडलंत तर कोणाच्या तरी पायाखाली येईल. इथे असू दे. सगळ्यांना दिसेल."

आणि ते जागेवर जाऊन बसले. सभाभर ती सुपारी माझ्यापुढे, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. शेवटी घाम फुटून मी कबूल केलं की पडद्याच्या दोरीशी मीच होतो आणि डुलकी लागली होती. सभा खो खो हसली. अण्णा पुढे आले, सुपारी उचलली आणि परत खिशात टाकली. "झालं," म्हणाले. "आता खरंच सुटलं."

अण्णा मूळचे पुण्याकडचे. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या नोकरीत बदल्या होत होत झाशीला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आमची घरं इथे पेशव्यांच्या कारभाऱ्यांबरोबर आलेली, खंडेराव गेटाच्या आसपास रुजलेली. आमचं मराठी ऐकून त्यांना गंमत वाटे. मी "चाय पिऊन आलो" म्हटलं की ते कानाला हात लावत. "वसंता, तुम्हा झाशीकरांचं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं नऊवारी आहे रे. चालताना पाय अडखळतो, पण नेसणं मात्र कडक." ही त्यांची तारीफ होती की चेष्टा, हे मी अजून ठरवतो आहे.

तर सुपारीचं. पूजेत मूर्ती नसली की तांदळाच्या मुठीवर सुपारी ठेवून आपण तिला गणपती म्हणतो. यजमानाची बायको हजर नसली तर त्याच्या कमरेला सुपारी खोचून भागवतो. अण्णांनी या शास्त्रात स्वतःची भर घातली होती. ते म्हणत, "जो हजर हवा पण नाही, त्याच्या नावाने सुपारी. मग जे हजर नको पण आहे, त्याच्या नावाने का नको?" कोणी म्हणालं, "जाऊ दे, तो विषय नको," की अण्णांचा हात कोटाच्या खिशात गेलाच. माझ्या मावसभावासाठी मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा परतताना टांग्यात मावशी म्हणाली, "मुलगी छान आहे. आईचं जरा काहीबाही ऐकलंय, पण आपल्याला काय करायचंय." अण्णांनी लगेच सुपारी काढून मावशीच्या हातावर ठेवली. "घरी पोचेपर्यंत धरून बसा. आपल्याला काहीच करायचं नसेल तर जड लागायची नाही." मावशी किल्ल्यापासून घरापर्यंत मूठ मिटून बसली, आणि दारात उतरल्याबरोबर म्हणाली, "अण्णा, जड लागते हो." मग ते काहीबाही सगळ्यांसमोर बोललं गेलं, त्यातला दम गेला, आणि ती मुलगी आज माझी वहिनी आहे.

बर्वेकाकू म्हणत, "आमच्या घरात सुपारी खायला कमी, बसवायला जास्त लागते."

ही खोड कुठून लागली, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं. ते उत्तर देत नसत. ते उत्तर मिळालं चांदीच्या तबकाच्या प्रकरणात. त्या प्रकरणात माझी अब्रू दोनदा गेली, पण उत्तर मिळालं.

आमच्या गल्लीत मराठी मंडळींचं एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे. त्याच्या मागच्या खोलीत मनूताई राहायची. ग्वाल्हेरकडून आलेली, विधवा, माझ्याहून थोडी मोठी. देवळाचा नैवेद्य तिच्या हातचा, आणि झाशीत कोणाकडे मुंज-लग्न निघालं की पुरणाला आणि कटाच्या आमटीला तीच. जवळचं असं कोणी नव्हतं. ती खोली आणि ती चूल, एवढ्यावर तिचं सगळं उभं होतं.

एका दत्तजयंतीला देवळातलं चांदीचं तबक नाहीसं झालं. गर्दी तुफान होती. मी स्वतः घाम गाळत प्रसाद वाटायला होतो. दुसऱ्या दिवशी भांडी मोजून कपाटात ठेवताना तबक नाही असं मनूताईनेच सांगितलं. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. झालं, कुजबुज सुरू झाली. पोलिसांत कशाला जायचं, घरातली गोष्ट घरात, म्हणून मंडळाने पंच नेमले. अण्णा मुख्य. सोबत शाळेच्या मुख्याध्यापिका इंदूमावशी पाटणकर, सदर बाजारात कापडाचं दुकान असलेले शेजवलकर बंधू, आणि चिटणीस म्हणून मी. शेजवलकर बंधूंची पद्धत अशी, की थोरले बोलत आणि धाकटे त्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणत. ठपका आला असता तर मनूताईची खोली जाणार होती, आणि कोणत्याही मराठी घराने तिला चुलीपाशी उभं केलं नसतं.

माझी बायको त्या दिवसांत बहिणीच्या बाळंतपणाला ग्वाल्हेरला गेलेली. मी बाहेर जेवत होतो आणि तोंड रिकामं राहू नये म्हणून दिवसभर सुपारी कातरत होतो. पानाच्या ठेल्यावर आमच्या ऑफिसातले श्रीवास्तवजी भेटले. ते कानाशी लागून म्हणाले, "भाईसाहब, वो आपके मंदिर वाली बाई... ग्वालियर में जिस घर में थीं, वहाँ से भी चाँदी के बर्तन पर ही निकाली गई थीं। हमारे साले साहब बता रहे थे।" मला वाटलं, आपल्या हाती खजिना लागला.

रविवारी दुपारी, देवळाच्या मंडपात, उन्हाच्या पट्ट्यात सतरंजी टाकून आम्ही बसलो. अण्णांनी मनूताईला समोर बसवून शांतपणे विचारलं. ती म्हणाली, "किल्ली माझ्याकडेच असते, अण्णा. पण उत्सवात कपाट उघडंच राहतं, भांडी सारखी आतबाहेर. आरतीनंतर तबक गाभाऱ्याच्या पायरीवर होतं, एवढं मी पाहिलं. मग पंगत बसली, मी वाढण्यात गुंतले."

इथे मला वकील व्हायची हुक्की आली. मी घसा खाकरला. "मनूताई, ग्वाल्हेरच्या त्या घरातूनही तुम्हाला चांदीच्या भांड्यावरूनच काढलं होतं ना?"

मनूताईचा चेहरा पांढरा पडला. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"उत्तर देऊ नका. वसंता, तुला हे कोणी सांगितलं?"

"श्रीवास्तवजींनी."

"त्यांना?"

"त्यांच्या मेव्हण्याने."

"त्याला?"

"ते... विचारायचं राहिलं."

"मग ही साक्ष नव्हे. ही पानाची पिंक आहे. पंचांनी हे विचारात घ्यायचं नाही."

"अण्णा, मला सांगू तरी द्या," मनूताई म्हणाली.

"आज नाही. तुम्हाला तबकाबद्दल बोलावलंय, आयुष्याबद्दल नाही. आत जा, चहा टाका."

ती गेली. अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"आम्ही काही ऐकलंच नाही," थोरले शेजवलकर म्हणाले.

"ऐकलंच नाही," धाकटे म्हणाले.

"मी तर विसरलेसुद्धा," इंदूमावशी म्हणाल्या.

"एवढ्यात?" अण्णा म्हणाले.

चर्चा सुरू झाली. काय सोज्वळ चर्चा! ग्वाल्हेर हा शब्द कोणाच्या ओठावर नाही. किल्लीबद्दल बोललो, कपाटाच्या कडीबद्दल बोललो. इंदूमावशी म्हणाल्या, "बोलताना डोळे खाली होते तिचे." थोरले म्हणाले, "असं आहे अण्णा, काहींचा हातच तसा असतो. सवय असते."

"सवय असते," धाकटे म्हणाले.

"थांबा," अण्णा म्हणाले. "तबक एकदाच गेलंय. सवय कुठून आली?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते मला पहिल्यांदाच दिसले. एकदम म्हातारे वाटले.

"पुण्याला असताना मी ज्यूरीत बसलो होतो," ते म्हणाले. "स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा तिथे खुनाबिनाच्या, दरोड्याच्या खटल्यांना गावातली माणसं पकडून ज्यूरीत बसवत. मी कोट इस्त्री करून गेलो होतो. आरोपी एका खानावळीतला आचारी. मालकिणीला ढकलून तिचे दागिने नेले, असा आरोप. साक्षीत एक जण मध्येच बोलून गेला की हा साताऱ्याला आधी तुरुंगात होता. जज्ज साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, ज्यूरीने हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या गंभीरपणे डोलावल्या, की मला स्वतःचा अभिमान वाटला.

"मग आम्हाला खोलीत बंद केलं. आम्ही कंदिलाच्या उजेडाबद्दल बोललो. जिन्याबद्दल बोललो. कोणी म्हणालं, नजर बरी नाही त्याची. कोणी म्हणालं, काम सराईताचं वाटतं. साताऱ्याचं नाव कोणी, कोणी म्हणजे कोणीही काढलं नाही. चहा संपायच्या आत बहुमत झालं. दोषी. माझंही मत त्यातच. घरी जाताना लकडी पुलावर मी थांबलो आणि माझ्या लक्षात आलं, की उजेडाबद्दल मला काहीही वाटत नव्हतं. जिन्याबद्दलही नाही. साताऱ्याचं नाव कोणी काढलं नाही, आणि निकाल साताऱ्यानेच दिला."

"पण अण्णा, त्याने चोरी केली होती का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, वसंता. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तेच तर म्हणतोय मी."

जरा वेळाने त्यांनी टोपी चढवली आणि आतल्या बाजूला हाक मारली, "मनूताई, एक पाट आणि मूठभर तांदूळ आणता का?"

तीच घेऊन आली. "पूजा आहे का?" तिने विचारलं.

"तसंच काहीसं," अण्णा म्हणाले. ती पाट मांडून, तांदळाची नीट रास करून गेली. आपण कशासाठी आसन मांडतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं. वर पाहण्याची हिंमत आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

अण्णांनी खिशातून सुपारी काढून तांदळावर ठेवली. "ही ग्वाल्हेर. हिला हळदकुंकू नाही, ही देवता नव्हे. हिला हाकललीत तर दाराआड उभी राहून बोलेल, म्हणून समोर बसवतोय. हिने ऐकावं. हिला मत नाही. आणि तुमच्यापैकी ज्याला हिच्या बाजूने काही बोलायचं असेल, त्याने हिच्याकडे बोट करून बोलावं."

पुन्हा चर्चा सुरू झाली. आता मात्र कोणाला सवय सापडेना. कोणी काही बोलायला जाई, पाटाकडे पाही आणि नजर चुकवे. शेवटी पाटाकडे कोणी पाहीनाच. मला फार अस्वस्थ वाटत होतं. आणि मला अस्वस्थ वाटलं की माझे हात आपोआप चालतात. अडकित्ता खिशातून कधी निघाला, हात पुढे कधी गेला, खरं सांगतो, मला पत्ता नाही. सुपारी जुनाट, कडू, तांदळाचा कोंडा लागलेली. मनात एवढंच आलं, की आज ठेल्यावरच्या भय्याने माल खराब दिला.

अण्णा बोलता बोलता पाटाकडे वळले. तांदळात एक खळगा होता. फक्त खळगा.

सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर.

"वसंता!" इंदूमावशी किंचाळल्या. "ग्वाल्हेर खाल्लीस?"

"समोर होती..." मी म्हणालो आणि भीतीने उरलेलीही गिळली. वर पाणी प्यायलो, ते याच वेळी.

शेजवलकर बंधू एकदम हसायला लागले. अण्णांचा चष्मा कपाळावर चढला. मला वाटलं, आता मंडळातून नाव कटणार. पण अण्णा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे वळले.

"हसू नका. याने निदान सगळ्यांसमोर खाल्ली. तुमच्यापैकी कोणी आधीच खाऊन बसलंय?"

हसू थांबलं. मग जन्मात कधी आधी न बोललेले धाकटे शेजवलकर आधी बोलले. "मी."

थोरल्यांनी भावाकडे असं पाहिलं, जणू दुकानातलं कापडच बोललं होतं. मग खाली मान घालून ते म्हणाले, "मीही."

आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्यांनी धाकट्यांचं वाक्य पुढे नेलं.

इंदूमावशींनी पदराने चष्मा पुसला. "मी शाळेत पोरींना रोज सांगते, ऐकीव बोलू नका. आणि याने ते विचारल्यापासून मला मनूचं तोंड चोराचं दिसायला लागलं, अण्णा. परवापर्यंत तिच्या हातची आमटी भुरकत होते मी."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "पोटात गेलेली गोष्ट काढता येत नाही. पण ती पोटात आहे हे ठाऊक असलं, की दुखतं ते कशाने, एवढं तरी कळतं. आता सांगा. ग्वाल्हेर बाजूला काढली तर तुमच्या हातात उरतं काय?"

उरलं होतं एक उघडं कपाट, गावभरची गर्दी आणि पायरीवर सगळ्यांनी पाहिलेलं एक तबक. थोरले म्हणाले, "गर्दीत कोणी उचलून नेलं असेल."

"चांदीचं तबक हातात धरून भर गर्दीतून, रस्त्याने?" इंदूमावशी म्हणाल्या. "इतका बावळट माणूस आपल्यात कोण आहे?"

"कोणीच नाही," मी ठामपणे म्हणालो.

निकाल झाला. मनूताईवर ठपका नाही, खोली तिची, चूल तिची. अण्णांनी स्वतः आत जाऊन तिला सांगितलं. चहा गार झाला होता. तिने तो आम्हाला दिला नाही. ओतून टाकला आणि नवा केला.

पुढच्या आठवड्यात बायको ग्वाल्हेरहून परतली. पिशव्या खाली ठेवल्या, हातपाय धुतले आणि म्हणाली, "अहो, ते देवळाचं तबक द्यायचं राहिलंय. त्यात काय घालून देऊ? बेसनाचे लाडू चालतील?"

माझ्या तोंडात सुपारी होती. ती तशीच राहिली.

झालं होतं ते असं. दत्तजयंतीला तिला येता आलं नव्हतं, पहाटेच्या गाडीची तयारी चालली होती. प्रसाद वाटता वाटता मला घरची आठवण झाली. द्रोण संपले होते. पायरीवर सुंठवडा आणि केळी असलेलं काहीतरी दिसलं, त्यावर वर्तमानपत्र घातलं आणि भर गर्दीतून, रस्त्याने, भेटेल त्याला 'दत्त दिगंबर' म्हणत मी घरी घेऊन आलो. मी प्रसाद नेला हे माझ्या पक्कं लक्षात होतं. प्रसाद कशात नेला, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाच नव्हता. आणि आपल्याकडे शेजारचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. बायकोने ते धुऊन, जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून, माहेरून आल्यावर काहीतरी करून घालून देऊ म्हणून फडताळात वर ठेवलं आणि गाडी पकडली. झाशीभर कुजबुज चालली होती तेव्हा तबक माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं.

मी आधी अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून मान खाली घालून बसलो. काकू आतून पदर तोंडाशी धरून हसत असल्याचं ऐकू येत होतं.

"वसंता," अण्णा म्हणाले, "एक लक्षात ठेव. आपण मनूताईला मोकळं केलं तेव्हा आपल्याला हे ठाऊक नव्हतं. आता तबक सापडलं म्हणून आपण शहाणे ठरत नाही. ठाऊक नसताना सोडलं, खरं काम तेवढंच. बाकी दत्ताची कृपा आणि तुझा मूर्खपणा."

"मी काय करू आता?"

"लाडू होऊ देत. मग तबक तूच घेऊन जा. वर्तमानपत्र न घालता."

नेलं. सगळी गल्ली पाहत होती. मी कोणालाही 'दत्त दिगंबर' म्हणालो नाही. मनूताईने दारात तबक घेतलं. लाडवांकडे पाहिलं. "वहिनींनी केलेत ना? मग ठेवते," म्हणाली. लाडू डब्यात काढून तिने तबक पदराने पुसलं. डाग काही नव्हता. तरी ती पुसतच राहिली. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "बसा. चहा टाकते. आणि त्या कपाटाला हात लावू नका."

नंतर एकदा, अण्णांच्या ओसरीवर मी बसलेलो असताना ती आली. म्हणाली, "अण्णा, आता तबक मिळालं, सगळं झालं. ग्वाल्हेरला काय घडलं होतं ते मला सांगायचंय तुम्हाला."

मी कान टवकारले. मला आजही त्याची लाज वाटते, पण टवकारले.

अण्णा म्हणाले, "मनूताई, तुम्हाला मन हलकं करायचं असेल तर काकू आत आहेत, त्यांना सांगा. माझ्यासाठी सांगत असाल तर नको. मला ते ठाऊक नसण्याची आता सवय झालीय. आणि तुमच्या हातचं मी ते न कळताच इतके दिवस जेवलो आहे."

मनूताई उभी राहिली. मग वाकून तिने त्यांना नमस्कार केला आणि आत गेली. काकूंना तिने काय सांगितलं, सांगितलं की नाही, हे मला कधी कळलं नाही. मी काकूंना विचारायचा प्रयत्न केला होता. काकूंनी न बोलता माझ्या हातावर एक सुपारी ठेवली होती.

शेवटच्या आजारात अण्णांचा आवाज गेला होता, पण कोट खुंटीवर, समोर दिसेल असाच टांगायला लावत. कोणी पाहुणा पलंगाशी बसून "डॉक्टर काय म्हणाले ते सोडा हो" म्हणाला की ते कोटाकडे बोट करत. काकू उठून खिशातून सुपारी काढून उशाशी ठेवत. मग पाहुण्याला सांगावंच लागे, आणि अण्णा शांतपणे ऐकत. अण्णांच्या मरणाबद्दल त्या घरात कोणी दाराआड बोललं नाही. समोर बसवूनच त्याला निरोप दिला.

तेराव्याला स्वयंपाक मनूताईचाच होता. तिने कोणाला मदतीला येऊ दिलं नाही. पंगती उठल्यावर मी ओसरीवर, अण्णांच्या खुर्चीकडे न पाहता बसलो होतो. काकू तो जुना कोट घेऊन बाहेर आल्या. मनूताई मागोमाग, हात पुसत.

"वसंता, खिसे रिकामे केले आज," काकू म्हणाल्या. त्यांनी आतल्या खिशातली एक सुपारी काढली. इतर सुपाऱ्यांहून वेगळी, कापडात गुंडाळलेली. "ही तुझी. तू ती ग्वाल्हेर खाल्लीस ना, त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या जागी ही ठेवली. सगळी वर्षं जपली. म्हणायचे, माझ्यामागे ही वसंताला द्या. लोक गिळून नाही म्हणतात, हा एकटा तोंड हलवत बसला होता, म्हणून त्या दिवशी सगळे खरं बोलले."

मी हात पुढे केला. इतक्या वर्षांत अण्णांनी माझ्या मूर्खपणाबद्दल काढलेला हा एकमेव चांगला शब्द, आणि तो ऐकायला मिळाला ते गेल्यावर. काकूंची सुपारी माझ्या तळव्यावर टेकणार, इतक्यात मनूताईने त्यांचं मनगट धरलं.

"देऊ नका हो काकू," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत राहायची नाही."